बाई कशा सांगायच्या

पायवाल्यांना सगळे पायवालेच म्हणत. इस्पितळाच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. त्यातल्या एकीत ते एकतीस वर्षं कृत्रिम पाय बनवत आले होते. फळीवर प्लास्टरचे साचे ओळीनं उभे, प्रत्येकावर पेन्सिलीनं माप आणि तारीख. हात असा की बोट फिरवून सांगत कुठे टोचणार ते. जीभ मात्र कुलूपबंद. "उभे राहा", "टोचतंय का?" आणि "उद्या या", एवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

तो निघायचा, कारण शेजारच्या खोलीत त्यांची बायको होती. तिला सगळे बाई म्हणत. त्या खोलीत कमरेएवढ्या उंचीचे दोन लांब दांडे आणि समोर भिंतभर आरसा. नवा पाय बांधलेल्या माणसाला दांडे धरून चालायला शिकवायचं, हे बाईंचं काम. पण बाई आधी खुर्ची ओढून बसायच्या आणि म्हणायच्या, "आमच्याकडे एक गवंडी यायचा बरं का..." शिक्षक आला की त्याला गवंड्याची गोष्ट, आणि गवंडी आला की त्याला शिक्षकाची. माणूस बघून गोष्ट काढायच्या. ऐकता ऐकता समोरचा कधी दांड्याला हात घालून उभा राहिला, हे त्याचं त्यालाही कळायचं नाही.

मधली भिंत फळ्यांची. पायवाल्यांना सगळं ऐकू यायचं. एकदा ते वैतागून म्हणाले, "अगं, शंभरातले नव्वद लोक दीड महिन्यात चालायला लागतात, एवढं सांगितलं की झालं. उगाच पाल्हाळ कशाला?"

"अहो, सांगून बघा," बाई म्हणाल्या. "तो लगेच ठरवेल की उरलेल्या दहांत आपलाच नंबर."

दोन वर्षांपूर्वी बाईंना आठ दिवस ताप आला आणि नवव्या दिवशी त्या गेल्या. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. दांड्यांची खोलीही पायवाल्यांच्याच गळ्यात पडली.

त्यांनी ती आपल्या पद्धतीनं चालवली. शंभरातले नव्वद, दीड महिना, रोज इतक्या फेऱ्या. लोक माना डोलवायचे, पाय घरी न्यायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. एकाची सून वाटेत भेटली. "पाय फार छान झालाय हो काका," ती म्हणाली, "कपाटावर ठेवलाय." त्या दिवशी पायवाल्यांनी घासायला घेतलेलं काम तसंच टाकून दिलं आणि फळ्यांच्या भिंतीशी स्टूल घेऊन बसले. पलीकडे कोणी नव्हतं. तरी संध्याकाळ होईपर्यंत बसले.

मग एक दिवस शिवणवाली आली. पस्तिशीची असेल. अपघातात गुडघ्याखालून पाय गेलेला. थोरल्या बहिणीनं चाकांच्या खुर्चीतून जवळजवळ ओढूनच आणली होती.

"मला नकोय पाय," तिनं आल्या आल्या सांगून टाकलं. "हिनं मला मोटरचं मशीन घेऊन दिलंय. बसूनच शिवायचं असतं. पाय काय शोभेला लावू?"

"शंभरातले नव्वद लोक..." पायवाल्यांनी सुरुवात केली.

"उरलेल्या दहांचं काय होतं?"

बहीण डोळ्यांनी विनवत होती. शेवटी पायवाल्यांनी खुर्ची ओढली, बसले, घसा साफ केला. "आमच्याकडे एक गवंडी यायचा. तो नंतर शिडी चढला. म्हणजे आधी तो पडला होता. शिडीवरून नव्हे. पाय वेगळ्या कारणानं गेला होता."

शिवणवाली त्यांच्याकडे बघत राहिली आणि फस्सकन हसली. "काका, राग मानू नका, पण तुम्हाला गोष्ट सांगता येत नाही."

"नाही येत," पायवाले म्हणाले. "आमच्या हिला यायची."

"मग त्यांना बोलवा ना."

"ती गेली. दोन वर्षं झाली."

मग पायवाल्यांचं काय झालं कोण जाणे, कुलूप आपोआप निघाल्यासारखे ते बोलायला लागले.

"आमचं नवीन लग्न झालेलं. मी एका पोस्टमनला पाय करून दिला. त्यानं आठवड्यात परत आणला आणि टेबलावर आपटला. म्हणाला, हा पाय नाही, शिक्षा आहे. मी विचारतोय कुठे लागतं, तो म्हणतोय सगळीकडे. मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी ही मला म्हणते, मला एक लाकडी टेकू करून द्या, गुडघा दुमडून त्यात बसेल असा. मी दिला. तर हिनं जुन्या चादरीनं स्वतःचा पाय मागे बांधला आणि त्या टेकूवर चालायला लागली. घरापासून कोपऱ्यापर्यंत. आठ दिवस."

"पडल्या का?" शिवणवालीनं विचारलं.

"तीनदा. ती म्हणायची, पहिल्यांदा शेजारीण बघत होती म्हणून लागलं. पुढच्या दोन वेळा कोणी नव्हतं, म्हणून लागलं नाही."

थोरली बहीणसुद्धा हसली.

"आठव्या दिवशी तिनं मला गुडघ्याखालचा काळानिळा डाग दाखवला. म्हणाली, अहो, त्याला इथे लागतंय. माणूस चिडलाय, नीट सांगणार नाही. मी त्या जागी साचा खोलगट केला. पोस्टमन पुढे सोळा वर्षं टपाल वाटत होता." पायवाल्यांनी अंगठा पुढे केला. "अजूनही प्रत्येक साच्यात ती जागा मी याच अंगठ्यानं दाबतो. दाबताना दर वेळी..."

शिवणवाली बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "माप तरी घ्या. घालीनच असं सांगत नाही."

तिला नऊ आठवडे लागले. दोनदा रडली, एकदा पाय भिरकावला, पण आली रोज. अजून जरा लचकत चालते, पण कापड आणायला स्वतः जाते. बहिणीनं निवडलेले रंग तिला कधीच पसंत नव्हते.

त्यानंतर पायवाले बाईंच्या गोष्टी सांगायला लागले. लोकही थांबायला लागले. पण एक नवंच दुखणं मागे लागलं. बाईंचे शब्द त्यांना आठवत, आवाज आठवेना. "बरं का" म्हणताना त्या कुठे थांबायच्या, कुठे आवाज खाली घ्यायच्या, काही हाती लागेना. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलं, आणि ऐकता ऐकता कानस चालवत राहिलो, हे त्यांना आता खात होतं.

मग ते रविवारी जुन्या लोकांच्या घरी जाऊ लागले. निमित्त पायाचे पट्टे तपासण्याचं. पट्टा ओढून बघायचे, सांध्याला तेलाचा थेंब सोडायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे, "तुम्हाला बाईंनी कुठली गोष्ट सांगितली होती?"

एका रविवारी ते निवृत्त शिक्षकाकडे गेले. शिक्षक खुलले. "मला ना, तुमचीच सांगितली होती."

"माझी?"

"हो तर! तुम्ही एकाचा पाय तयार केला आणि चाल कशी पडते ते बघायला त्याच्या मागे मागे निघालात. भर बाजारातून. नजर त्याच्या टाचेवरून हलेना. तो घरात शिरला, तर तुम्हीही मागोमाग आत. त्याच्या बायकोनं पाहुणे समजून पान वाढलं आणि तुम्ही जेवून उठलात! बाई म्हणाल्या, असा वेडा माणूस तुमचा पाय करतोय, तर दोन पावलं टाकून बघायला काय हरकत आहे? हसता हसता मी दांडा धरला."

पायवाल्यांच्या हातातला पट्टा तसाच राहिला. शिक्षकानं "असा वेडा माणूस" म्हणताना आवाज जरा खाली घेतला होता. तसं आवाज खाली घेणं शिक्षकाचं नव्हतं, बाईंचं होतं.

"मी जेवलो नव्हतो," पायवाले हळूच म्हणाले. "नुसता चहा घेतला होता."

"बाईंनी तर जेवणच सांगितलं होतं."

पायवाल्यांनी पट्टा बाजूला ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली.

"मग जेवलो असेन," ते म्हणाले. "परत सांगा. पहिल्यापासून, ती सांगायची तसं."