घराला स्वतःचा नंबर

अंबरनाथला रुळांलगत आमचं कौलारू घर होतं. ते पाडून तिथे टॉवर झाला आणि आम्ही बदलापुरात, सोनिवलीच्या बाजूला राहायला आलो. घराचा एकही धड फोटो नाही. म्हणून आईला विचारून विचारून मी ते कॉम्प्युटरवरच्या रेल्वेच्या गेममध्ये बांधलं आणि उल्हासनगर ते बदलापूर रूळही टाकले. रविवारी तिची पंच्याहत्तरी. त्या दिवशी तिला गेममधल्या गाडीतून घर दाखवायचं ठरलं होतं. "दुसऱ्यांची मुलं आईला काशीला नेतात," बायको म्हणाली.

शुक्रवारी गेमचं अपडेट आलं आणि घराच्या जागी छपरावर बर्फ साचलेला कुठलासा परदेशी बंगला उभा राहिला. माझं डोकंच फिरलं. गेम बनवणाऱ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या, मग शोधायला बसलो. घोळ आमच्या उल्हासनगरी पद्धतीत निघाला. तिथे कुठलाही पार्ट घासूनपुसून बसवून देतात, वरचा छाप तोच ठेवून. मीही नेटवरून एका परक्याचं घर उतरवून ठोकूनठाकून आमचं केलं होतं, नंबर मात्र त्याचाच ठेवला होता. गेममधल्या प्रत्येक वस्तूला एक नंबर असतो आणि गेम ती ओळखतो त्या नंबरावरून. त्या गृहस्थाने नवं व्हर्जन काढलं, आणि गेमने नंबर तोच बघून माझं घर हटवून त्याचं लावलं.

शनिवारी मी आमच्या घराला स्वतःचा नंबर दिला. घर परत आलं, पण बोडकं. कौलं नेटवर तिसऱ्याच कुणी ठेवलेल्या वस्तूंच्या पॅकमधली होती आणि नव्या पॅकमधून त्याने ती काढून टाकली होती. जुना पॅक नेटवर कुठेच मिळेना. शेवटी ज्यावर आधी हाच गेम खेळायचो तो माळ्यावरचा बंद पडलेला कॉम्प्युटर उतरवला आणि त्याची हार्ड डिस्क काढून जोडली. कौलं तिथे शाबूत होती. या वेळी कौलं, खिडक्या, दार, सगळं घराच्याच फोल्डरमध्ये कोंबलं. आता कुणी काय वाटेल ते अपडेट करो, आमच्या छपराला हात लागणार नव्हता. आनंदाने मी हॉलमध्ये चक्क नाचलो. बायकोने पडदे ओढून घेतले.

रविवारी आईला स्क्रीनसमोर बसवलं. गाडी उल्हासनगरहून सुटली. अंबरनाथ आलं, वळणापलीकडे लाल कौलं दिसली, मग पडवी, मग दार. आई पुढे वाकली. तिने माझा दंड घट्ट धरला.

"थांबव रे गाडी," ती म्हणाली. "मला इथेच उतरायचंय."