जागा झाडून बसणारं जनावर

केराबाई आमच्या टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर तिकिटं फाडायची. मी बायकांच्या खिडकीवर तिकिटं विकायचो. मी विकायची आणि तिनं फाडायची, असा आमचा संसार पुष्कळ वर्षं चालला. तेव्हा सोलापुरात बायकांची खिडकी वेगळी, दार वेगळं आणि बसायची जागाही वेगळी असायची. त्या दाराशी लोखंडी स्टुलावर ही बसलेली. दातांना मिश्री, पदर डोक्यावर, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

आमचे मालक मडिवाळप्पा. शुक्रवारी नवा सिनेमा लागला आणि पहिला खेळ सुटला की ते केराबाईला आत बोलवायचे आणि एकच विचारायचे, "बायका काय म्हणाल्या?" पेपरात काय छापून आलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की पुरुष एकदा येतो, शिट्टी मारतो आणि विसरतो. बाईला आवडलं तर ती जावा, नणंदा, पोरंबाळं असा सगळा गोतावळा घेऊन परत येते. केराबाईचं उत्तर एकदोन शब्दांचं. "रडल्या की." नाहीतर, "मधनंच उठल्या." रडल्या म्हणाली की सिनेमा राहायचा, उठल्या म्हणाली की गुरुवारी सिनेमाच्या रिळांची पेटी बार्शीच्या टॉकीजला जायची. तिच्या शब्दावर कुणी कधी शंका घेतली नाही. खोटं बोलायला माणसाला काहीतरी हवं असावं लागतं, आणि तिला काही नकोच होतं.

एक मुलगा होता, येडू. नवरा मिलमध्ये होता, तो छातीच्या रोगानं लवकर गेला, आणि पोरगं या दाराशीच वाढलं. फरशीवर शेंगांची टरफलं, विड्यांची थोटकं. केराबाईचा एकच हुकूम असायचा, "आधी जागा झाड, मग बस." मग पोरगं तळहातानं फरशी दोनदा पुसायचं, हात मांडीवर झटकायचं आणि खाली बसायचं. पुढं मिशा फुटल्या तरी ती खोड गेली नाही. मालकांच्या ऑफिसात खुर्ची दिली तरी आधी हात फिरवायचा. आम्ही चिडवायचो, "येड्या, गादीवर कुठली आलीत टरफलं?" तो हसायचा आणि पुन्हा पुसायचा.

सिनेमे बघून बघून जे व्हायचं तेच झालं. येडू मुंबईला पळाला, हिरो व्हायला. हिरो व्हायला नाक जरा बसकं होतं, पण अंगानं पोरगा थोराड होता. केराबाईनं चार दिवस शिव्या दिल्या आणि मग गप्प बसली.

वर्षादोन वर्षांनी नातेपुत्याचा त्यांचा एक गाववाला निरोप घेऊन आला. येडू मुंबईच्या दवाखान्यात काविळीनं वारला होता. ओळख सांगणारं जवळ कुणी नव्हतं, त्यामुळं तिथल्या लोकांनीच सगळं उरकलं. गाववाल्यालाही ते फार उशिरा कळलेलं. केराबाई ऐकत होती, आणि ऐकता ऐकता आत जाणाऱ्या बायकांची तिकिटं फाडत होती.

मरण असं उशिरा कळलं, की आमच्याकडे नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, म्हणजे सुतक फिटतं. गल्लीतल्या बायकांनी बादली भरून ठेवली. "केराबाई, अंगावरनं पाणी घे."

"बघितल्याबिगर न्हाय," ती म्हणाली.

तिला वेड लागलं नव्हतं. पोरगा गेला, हे ती स्वतःच्या तोंडानं सांगायची. पण ते पाणी तिनं घेतलं नाही आणि डोळ्यांतूनही काढलं नाही. बायका म्हणाल्या, हिचं काळीज दगडाचं हाय. मला त्या बोलण्याचा राग यायचा. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही. ही बाई सगळीच्या सगळी तशी झाली होती. कुणी हसून बोललं तरी तेच, अंगावर ओरडलं तरी तेच.

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या साली तो सिनेमा आला. नाव सांगून उपयोग नाही, काढणाऱ्यालाही आता आठवत नसेल. डोंगरातल्या गुहेत एक केसाळ जनावर राहतं, अर्धं अस्वल, अर्धा माणूस. ते गावातल्या पोरी उचलून नेतं आणि शेवटी गावकरी मशाली घेऊन त्याला जिवंत जाळतात. एवढीच गोष्ट. पैशाची इतकी ओढाताण, की जनावराच्या पाठीवरची चेन दिसायची.

शुक्रवारचा पहिला खेळ. मी खिडकी बंद करून चहाचा पेला घेऊन केराबाईच्या दारात उभा होतो. पडद्यावर जनावर एका पोरीला खांद्यावर टाकून गुहेत आलं. तिला खाली ठेवलं आणि दगडावर बसायला वाकलं. बसायच्या आधी त्यानं तळहातानं दगड दोनदा पुसला, हात मांडीवर झटकला आणि मग बसलं. अख्खं थेटर हसून लोळायला लागलं.

केराबाई स्टुलावरून उठली होती.

"आप्पा," ती मला म्हणाली, "येडू हाय."

तो येडूच होता. मरायच्या आधी कधीतरी, ते केसाळ कातडं अंगावर चढवून, मुंबईतल्या कुठल्या तरी खोट्या दगडावर तो आईच्या वळणानं बसला होता.

खेळ सुटला. बायका पदर तोंडाला लावून हसत बाहेर आल्या.

"जनावर कसलं गं, घोंगडं पांघरलेला गडी त्यो!"

"ह्याच्यापरीस माझा दादला भ्या दावतो."

"जागा झाडतंय बया! आईनं वळण मातुर चांगलं लावलंय."

केराबाई दार धरून उभी होती. एकेक मत तिच्या कानावरून गेलं. मग मालकांनी बोलावलं आणि नेहमीचं विचारलं.

"भ्याल्या की," केराबाई म्हणाली. "लई भ्याल्या."

"मग हसत कोण होतं?"

"भ्यानंच हसत्यात बायका."

मालकांनी मान डोलावली. मी बाजूला उभा होतो. पेटी बार्शीला गेली की येडू गेला, एवढा साधा हिशेब होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी हवं होतं.

त्या दिवसापासून ती स्टुलावर बसेना. खेळ सुरू झाला की दाराच्या आत, भिंतीला टेकून उभी. दगडाचा प्रसंग बघायची. शेवटाकडे गावकऱ्यांच्या मशाली दिसायला लागल्या, की कडी काढायला म्हणून बाहेर यायची आणि दाराकडे पाठ करून थांबायची. आत बायका टाळ्या वाजवायच्या, पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या यायच्या. ती मान खाली घालून फाटकी तिकिटं गोळा करायची. आग तिनं एकदाही पाहिली नाही.

तिच्या शब्दावर सिनेमा दुसऱ्या आठवड्यात गेला. थेटर रिकामं पडायला लागलं. मालक म्हणाले, "केराबाई, भ्यालेल्या बायका गेल्या कुठं?" ती म्हणाली, "येतील की." मालकांनी तेही ऐकून घेतलं. चांगला माणूस होता.

आमच्याकडे कमलम्मा म्हणून एक विड्या वळणारी बाई यायची. पद्मशाली विणकरांच्या घरची, मनानं निर्मळ, तोंडानं फटकळ. हसायला मिळतं म्हणून तिनं तो सिनेमा परत परत पाहिला. एका दुपारी मॅटिनी सुटल्यावर डोळे पुसत बाहेर आली, हसून हसून पाणी आलेलं. "अय्यो केराबाई," ती म्हणाली, "किती येळा जाळायचं गं त्या मुक्या जीवाला? सकाळी जाळतेत, दुपारी जाळतेत, रात्री पुन्हा. एकदा जाळून सोडून द्या म्हणावं की!"

ती तशीच हसत गेली. केराबाईच्या हातातलं तिकीट अर्धंच फाटलं होतं.

तीनच्या खेळाला शेवट जवळ आला तरी ती बाहेर आली नाही. मी आत डोकावलो. मशाली पेटल्या होत्या. जनावर गुहेच्या तोंडाशी कोंडलं होतं. गावकऱ्यांनी गवताच्या पेंढ्या टाकल्या, आग लावली. जनावर हात वर करून पडलं. समोरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. केराबाई भिंत सोडून दोन पावलं पुढं आली आणि हात जोडून उभी राहिली. धूर विरेपर्यंत तिनं पापणी हलवली नाही. त्या दिवशी कडी मी काढली.

बायका गेल्यावर ती न बोलावता मालकांच्या ऑफिसात गेली. "मालक, पेटी पाठवा."

"का? बायका काय म्हणाल्या?"

"किती येळा जाळायचं, म्हनत्यात."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते फक्त "बरं" म्हणाले.

टॉकीजच्या मागच्या अंगाला नळ होता. केराबाईनं बादली भरली, नळाखालची फरशी तळहातानं पुसली, खाली बसली आणि नेसत्या लुगड्यानिशी बादली डोक्यावर उपडी केली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. सहाच्या खेळाला आलेल्या बायका बघत राहिल्या. विड्यांचं सूप काखेत मारून घरी निघालेली कमलम्मा रस्त्यावरून आत आली. "अगं बाई, ह्या येळंला डोक्यावरनं पाणी? कोण गेलं?"

"माझा येडू," केराबाई म्हणाली. "आत्ताच जाळून आले."

लुगडं अंगावरच पिळून ती दाराशी आली. त्या दिवसाचे खेळ अजून बाकी होते. तिनं बायकांना आत घेतलं, दार लोटलं आणि दाराकडे पाठ करून स्टुलावर बसली. मग ती रडायला लागली.