मशेरी मावशीचा चष्मा

कोलशेतची मशेरी मावशी मासळी विकताना आधी कल्ला उघडून दाखवायची, मग भाव सांगायची. "आतून लाल हाय ना? मंग आता कर घासाघीस." तिचं खरं नाव आमच्या कागदांवर होतं. हे नाव मी ठेवलेलं, कारण कमरेला खोचलेली मशेरीची डबी आणि काळे दात आधी नजरेत भरायचे.

ती मला भेटली माजिवड्याच्या आमच्या संशोधन केंद्रात. माणसाला यंत्रात झोपवायचं, 'तंबाखू सोडा' सांगणाऱ्या पाट्या पडद्यावर दाखवायच्या, तेव्हा मेंदूत काय हलतं त्याचे फोटो काढायचे आणि कोण तंबाखू सोडेल याचा अंदाज बांधायचा, असा सरांचा अभ्यास. मी डोंबिवलीहून तिथं नोकरीला जायचे. हे समजावलं तर मावशी हसत सुटली. "डोस्क्याचा कल्ला उघडून बघतंस काय गो?"

यंत्रात धातू चालत नाही. मी घाईघाईत तिची डबी, बांगड्या, तारेचा जाड चष्मा, सगळं ट्रेमध्ये काढून ठेवलं. बाहेर आल्यावर विचारलं, "नीट दिसलं ना सगळं?"

"दिसला गो, सगला दिसला."

"दर सोमवारी फोन करीन हं मावशी. मशेरी लावली का, खरं सांगायचं."

फोटोत मेंदू गप्प होता. "ही काही सोडत नाही," सर म्हणाले. फोन सगळ्यांनाच करायचे होते. पण पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओता? मी एकही फोन केला नाही. तिच्या नावापुढे प्रत्येक सोमवारच्या रकान्यात 'सोडली नाही' असं लिहून मोकळी झाले. अंदाज बरोबर आले म्हणून सरांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

काही महिन्यांनी एक निवृत्त मास्तर आले. चष्मा काढा म्हटल्यावर खेकसले, "अहो बाई, मग वाचू काय, कपाळ?" मला मावशीचा तारेचा चष्मा आठवला. अशांसाठी प्लास्टिकच्या फ्रेमचे चष्मे कपाटात होते. मावशीला मी ते दिलेच नव्हते.

तशीच कोलशेतला गेले. मावशी बोंबील निवडत होती. मी चष्म्याचं कबूल केलं.

"मना ठावं हाय. सगला धुरकट व्हता."

"अगं मग बोलायचं ना!"

"तुजी धावपल बघली. बोलली आसती तं तुजा काम वाढला आसता."

मशेरीचं विचारायला मला तोंड नव्हतं. तिनंच सांगितलं, "तू सोमवारी इचारनार. दर टायमाला खोटा कसा बोलू? म्हनून डबी माल्यावर टाकली. तीन सोमवार फोन म्होरं घेऊन बसली. मंग मनात बोलली, पोरीला आपली काय पडलीय? काढली परत." आणि कल्ला दाखवावा तसा बोटानं गाल ओढून तिनं आतला पांढरा चट्टा दाखवला. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला बोलावलं होतं. मग म्हणाली, "नंबर हाय ना माजा? मंग सोमवारी कर."

सोमवारी पहिल्याच घंटीला तिनं फोन उचलला.

"आज नाय लावली. लिव तुज्या कागदावर."

मी पेन उचललं. कागदावर तिच्या नावापुढे सगळ्या रकान्यांत माझ्याच अक्षरात आधीच 'सोडली नाही' लिहिलेलं होतं.