भाकरीचं कलम

शालूबाईले नवऱ्यानं टाकलं तेव्हा तिची विशीही सरली नव्हती. भाऊ उकंडराव तिच्या सासरी गेला अन् तिले माहेरी, धाड गावाले, घेऊन आला. पुढं त्याची बायको बाळंतपणात गेली. मागं राह्यलेलं पोरगं, गजेंद्र, शालूबाईनंच वाढवलं. वावरातलं तण निंदाले जाताना त्याले संग नेत जाय. बांधावर, धुऱ्यावरच्या बोरीखाली त्याले झोपवे, दुपारी तिथंच भाकर कुस्करून चारे.

आमच्याकडं वावराले नाव असते. गट नंबर तलाठ्यानं पाहावा. आमी म्हणतो चिंचेचं, नाल्याचं, बोरीचं. उकंडरावानं मृत्युपत्र केलं ते बी तसंच. नंबर टाकाचं कोणाले सुचलंच नाही. लिहिलं असं की, बोरीचं वावर शालूचं. तिथल्या विहिरीवर तिनं पाणी धरावं. अन् सुगीत गजेंद्रनं लेकराबाळासंगं त्या वावरात बसून तिच्या हातची भाकर खावी, तिले अंतर देऊ नये.

उकंडराव गेला. बोर त्याच्या आधीच वाळून पडली होती, अन् होती तेव्हा बी दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावर. गजेंद्र म्हणाला, सातबाऱ्यावर बोरीचं वावर नाही, मंग देऊ काय? दोन्ही वावरं त्यानं बटईनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यानं, दुसऱ्याले कसाले देली, बायको काजलले घेऊन बुलढाण्याले राहाले गेला, अन् घरी येणं बंद केलं. फोन बी उचले नाही.

शालूबाई कोर्टात गेली. गाव म्हणे, म्हातारीले या वयात जमिनीची हाव सुटली. 

तारीख असली की ती सकाळच्या यष्टीनं निघे. फडक्यात भाकरी अन् ठेचा, आपल्या भुकेपेक्षा जास्ती. कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसे अन् गेटाकडं पाहत राहे. गजेंद्र येई, समोरच्या टपरीवर पाठ करून चहा पिई. ती त्या पाठीकडंच पाहे. वाळला का, केस पिकले का. भाकरी संध्याकाळी तशाच परत येत.

एका तारखेले तो लय खोकत होता. शालूबाईनं आपल्या वकीलबाईले, मयुरीताईले, सांगितलं की त्याच्या वकिलाले निरोप द्या, रात्री ओवा चावून गरम पाणी प्यावं.

"मावशी, तो आपल्या विरुद्ध आहे," मयुरीताई म्हणाली.

"असू द्या. खोकला तं माह्या घरचाच हाय ना."

शेवटी निकाल लागला. जजसाहेबानं सांगितलं ते मयुरीताईनं तिले सोपं करून सांगितलं. मेलेल्या माणसाचा शब्द कोर्ट जमेल तोवर वाया जाऊ देत नाही. लिहिणाऱ्याच्या जागी बसून पाहते, त्याच्या मनात काय होतं. एक ओळ धरून भागत नाही, सारा कागद वाचावा लागते. कागदात विहीर आहे, अन् त्या दोन वावरांत विहीर एकातच आहे. म्हणजे बोरीचं वावर तेच, अन् ते शालूबाईचं. पण भाकरीचं कलम चालत नाही. किती वेळा खावी, नाही खाल्ली तं काय, कोण पाहणार, काहीच ठरत नाही. ती मयताची इच्छा समजावी, हुकूम नाही.

"म्हंजे भाकरीचं गेलं?"

"गेलं, मावशी. पण वावर मिळालं. चांगल्यातलं मिळालं."

गजेंद्र पायऱ्या उतरून गेला होता. त्याची फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला. शालूबाईनं फडक्याची गाठ सोडली नाही.

"पुढची तारीख कधी हाय?"

मयुरीताई हसली. "आता कुठली तारीख? तुम्ही जिंकल्या."

शालूबाईनं गेटाकडं पाह्यलं. मंग म्हणाली, "हारलेल्याले वरच्या कोर्टात जाता येते म्हणते."

"येते. पण अपील त्यानं करायचं, तुम्ही नाही."

"मंग सांगा ना त्याले," शालूबाई म्हणाली. "म्हणा, आत्या म्हणते, कर."