उलटा छापलेला बोर्ड

माझा दादा घरच्या घरी सर्किट बोर्ड बनवतो. कारखान्यात पस्तीस वर्षं मशीनं दुरुस्त करून निवृत्त झाला, तरी हात शिवशिवायचे थांबले नाहीत. बाथरूमच्या फरशीवर त्याच्या रसायनाचे तपकिरी डाग, आणि घरातली इस्त्री कपड्यांना लावायची सोय नाही.

या खेपेला मात्र ती हौस नव्हती. वहिनी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिच्या गादीत आळीपाळीने हवा भरणाऱ्या पंपाचा बोर्ड जळला. कंपनीने सांगितलं, हे मॉडेल बंद झालं. मग पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दादा दर दोन तासांनी तिची कूस बदलायला लागला, दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका. अकरा दिवसांत माणूस निम्मा झाला. मी मदतीला गेले, तर मलाच म्हणतो, "तुला जमायचं नाही, तू धसमुसळी."

जळक्या बोर्डावरून त्याने नकाशा उतरवला. छापलेला कागद तांब्याच्या पत्र्यावर ठेवून इस्त्री फिरवली की शाई पत्र्यावर उमटते. उरलेलं तांबं रसायन खाऊन टाकतं. उमटताना चित्र उलटं होतं, म्हणून ते आधीच उलटं छापायचं. दादाने कॉम्प्युटरवर उलटं केलं आणि वर प्रिंटरलाही उलटं छापायला सांगितलं. दोनदा उलटं म्हणजे कागदावर सुलटंच, आणि पत्र्यावर उमटलं उलटं. डोळ्यांवर झोप, दुसरं काय! भोकं पाडून झाल्यावर चूक लक्षात आली.

तो स्टुलावर मटकन बसला. "आता माझ्यात त्राण नाही गं."

मला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. "मग पालथा घालून जोड!" मी खेकसले. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

दादाने बोर्ड उचलून पालथा करून पाहिला. सुटे भाग नेहमीसारखे मागून न घालता तांब्याच्याच बाजूने बसवले, तर सगळं जागच्या जागी येत होतं. त्याने त्यांचा एकेक पाय सोल्डर केला.

संध्याकाळी पंप घुरघुरला. गादी एकीकडे फुगली, दुसरीकडे बसली. वहिनीला तपासायला येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, आता चार तासांनी कूस बदलली तरी चालेल. दादा खुर्चीतच झोपला, तोंड उघडं टाकून.

"सुटलात बाई दोघंही!" मी वहिनीला म्हटलं.

ती त्याच्याकडे बघत होती. "हो," ती म्हणाली. "आता हे चार-चार तास माझ्याजवळ यायचे नाहीत."