आततायी कुणाला म्हणायचं

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. हिंदी लष्कर औरंगाबादेत येऊन सहावा दिवस, आणि मुकुंदवाडीला आमच्या कोठीघरात, ज्वारीच्या कणगीमागे, शेजारचे मणियार चाचा लपून बसले होते. दर संक्रांतीला माझ्या हातात बांगड्या भरणारे हेच चाचा चैत्रात रझाकारांची खाकी घालून हिंडले होते. गावातल्या कडब्याच्या गंज्या पेटवणाऱ्यांत तेही होते. तरी माझ्या वडिलांनी, आप्पांनी, त्यांना घरात घेतलं. मी नऊ वर्षांची. त्यांना पाणी देऊन कोठीला कडी घातली, तोच ओसरीवर पाच जण आले. एकाच्या हातात कुऱ्हाड होती.

आप्पा घरी संस्कृत शिकवायचे. गंज्या जळाल्या तेव्हा याच ओसरीवर, याच पाच जणांना त्यांनी ‘आततायी’ हा शब्द सांगितला होता. जो आग लावतो, विष घालतो, शस्त्र घेऊन येतो तो आततायी; त्याला मारलं तर पाप लागत नाही. ऐकून सगळ्यांना बरं वाटलं होतं. मलासुद्धा.

“गुरुजी, त्यो मणियार आततायी हाय का नाय, यवढंच सांगा. फुडचं आमी बघतो.”

रिकामा तांब्या मी परकरात दडवला.

“मी तेव्हा अर्धाच अर्थ सांगितला,” आप्पा म्हणाले. “आततायी म्हणजे धनुष्य ताणून अंगावर चालून येणारा. धनुष्य खाली ठेवलं की तो आततायी राहत नाही.”

“तवा नाय सांगितलं असं.”

“तेव्हा मी भ्यालो होतो.”

“अन् आता?”

आप्पा कुऱ्हाडीकडे बघत म्हणाले, “आताही भ्यालोय. तुम्हाला.”

कुऱ्हाडवाला आप्पांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. त्याला कळायला वेळ लागला नाही. चेहरा काळाठिक्कर पडला, आणि तो काहीबाही पुटपुटत पायऱ्या उतरला. बाकीचे त्याच्यामागे गेले.

मी कडी काढली. चाचा घामानं निथळत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“गुरुजी, और चैत में मैं क्या था?”

मला वाटलं, निदान आज तरी आप्पा गोड बोलतील. पण ते म्हणाले, “चैत्रात तू आततायी होतास.”

चाचा ढसाढसा रडले. आप्पांनी त्यांच्यापुढे भाकरी ठेवली आणि मला पुन्हा कडी लावायला सांगितलं. मी ती लावली आणि दोनदा ओढून पाहिली. ते पाच जण केव्हाच गेले होते. आता मला आतल्या माणसाची भीती वाटत होती.