बियाण्याचे बाफले

"चला, हिच्या नोकरीमुळे पहिल्यांदा कुणाच्या तरी पोटात अन्न पडलं!" मामा स्वयंपाकघरात आईला म्हणाले.

मी बाहेर जेवत होते. रविवारी आमच्याकडे दाल-बाफले, म्हणजे वरणासोबत कणकेचे उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले गोळे असतात आणि माझी चेष्टा असते, दोन्ही पोटभर. (नोकरी: बेटमा गावाजवळच्या शेतकरी बायकांसोबत जुनी बियाणी जपणं. शाळा: इंग्लिश मीडियम. गहू आणि जव मी अजून फोटो बघून ओळखते.)

"आई, कोणतं अन्न?"

"अगं, तुझ्या टेबलाखालच्या पिशवीतले गहू! शी, नुसते राखेत लडबडलेले! तीन पाण्यांनी धुतले, वाळवले, चक्कीवर दळून आणले. बाफले बघ कसे खुसखुशीत झालेत!"

मी हातातला घास ताटात परत ठेवला. राख मुद्दाम लावली होती, कीड लागू नये म्हणून! ते आमच्या गटातल्या शेतकरी गीताबाईंचं बियाणं होतं: कमी पाण्यात, विकतच्या खताशिवाय येणारा जुना गहू. अर्धा स्वतःकडे ठेवून अर्धा त्यांनी मला दिला होता, सोमवारी गटातल्या बायकांना वाटायला. दरवर्षी बियाणं विकत घ्यावं लागलं नाही, तर घरात खायला चार दाणे जास्त उरतात. पिशवीवर चिठ्ठी लावायची, हे त्या बायकांना मीच शिकवलं होतं. माझ्या पिशवीवर चिठ्ठी नव्हती.

"इतकं टेन्शन कायको घेते बेटा?" मामा जेवलेला हात पुसत बाहेर आले आणि पाट ओढून बसले. "बाजारातून लोकवन आण, राख चोपड, देऊन टाक. गहू तो गहू आहे! त्या बाईंना काय कळतंय?"

मी रिक्षावाल्याला "भिया, रोको" म्हणायलाही लाजते. दुसरं कुणी उतरेल तिथे उतरते आणि चालत परत येते. पण त्या दिवशी उभी राहिले. आवाज इतका मोठा निघाला, की मीच दचकले!

"हातात घेताच कळेल त्यांना! मी खरंच सांगणार. आता त्यांच्याकडचं अर्धं बियाणंच सगळ्यांना पुरवायचं, म्हणजे फेकून पेरता येणार नाही. एकेक दाणा हाताने टोकावा लागेल. त्याला माणसं लागतात! त्या हो म्हणाल्या, तर पुढच्या रविवारी हे बाफले खाल्लेले सगळे बेटम्याला येणार. एका बाफल्याला एक ओळ टोकायची! मामा, तुमच्या चार. आई, तुझ्या दोन."

"आणि तुझ्या?" मामांनी माझ्या ताटाकडे बघत विचारलं.

"सात."